कावळ्यासमोर कबूल केलेलं इंजिन

शेवटच्या साध्या दिवशी आबा स्वयंपाकघरात बसून पिस्टन तोलत होते.

काटा पोतदारांच्या पेढीवरचा, सोनं तोलायचा. "तासाभरात परत देतो," म्हणून आबांनी तो मागून आणला, त्याला आठवडा होत आला होता. पोतदार रोज सकाळी काटा न्यायला यायचे आणि आबा रोज त्यांना पाट सरकवून म्हणायचे, "आला हायसा तर येवडा एक बगा बरं. तुमची नजर बारीक." मग पोतदार चष्मा पुसायचे, पिस्टन पारड्यात ठेवायचे, दुसऱ्या पारड्यात वजनं आणि वर गुंजा टाकायचे, आणि भर लग्नात बांगड्या खोट्या निघाल्यासारखा चेहरा करून सांगायचे, "तिसरा जड हाय." आबा तिसऱ्याला आतून कानस लावायचे. पुन्हा तोलायचं. आता दुसरा जड निघायचा.

"सोन्याच्या काट्यावर लोखंड!" चुलीपुढून साळूआत्या म्हणाली. ही आबांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून आमचं घर तिच्याच हातात. "लक्ष्मी टिकंल का घरात?"

"लोखंड न्हवं साळू, अल्युमिनियम."

"मग डाळ शिजीव त्यात."

एवढ्या खटाटोपाचं कारण परसात चिंचेखाली उभं होतं. पुण्याच्या मिलिटरी डिस्पोजलातून, म्हणजे लष्करानं मोडीत काढलेल्या मालातून, आबांनी एक उघड्या टपाची मोटार आणली होती. तिला चार चाकं आहेत, यापलीकडे तिच्याविषयी खात्रीनं काही सांगता येत नव्हतं. लढाई संपून वर्ष उलटलं होतं आणि लढाईत मोटार खात्यात काढलेली वर्षं आबांच्या अंगातून गेली नव्हती. साताऱ्यातली प्रत्येक मोटार यवतेश्वराचा घाट चढताना निम्म्यावर थांबते, तोंड उघडते आणि पाणी मागते. लोक याला निसर्गनियम मानत. आबा याला आळस मानत. शर्यतीच्या मोटारीला असतं तसं इंजिन आपण घरी बांधायचं आणि घाट एका दमात चढायचा, असं त्यांनी ठरवलं. असलं इंजिन त्यांनी पूर्वी कधी बांधलं नव्हतं. साताऱ्यात कुणीच बांधलं नव्हतं, त्यामुळे चूक काढणारंही कुणी नाही, ही त्यांना मोठी सोय वाटत होती.

विलायती मोटार-मासिकांचे काही अंक त्यांच्याकडे होते. वाचून सांगायचं काम माझं. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते; पण त्या वर्षी कॉम्प्रेशन या विषयावर मी जेवढं वाचलं, तेवढं पानिपतावरही कधी वाचलं नव्हतं. इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, ते घासून पातळ केलं की आतली जागा कमी होते, दाब वाढतो, जोर वाढतो. वाऱ्याच्या वाटा आतून आरशासारख्या गुळगुळीत हव्यात. चारी पिस्टन गुंजेपर्यंत सारखे हवेत. हे मी वाचायची आणि आबा मान हलवत ऐकायचे, जणू हे सगळं त्यांना माहीतच होतं, फक्त इंग्रजांनाही ते कळलंय का याची खात्री करून घेत होते.

त्या दिवशी दुपारी चारी पिस्टन सारखे झाले. काटा मध्ये स्थिर राहिला, तेव्हा पोतदार उठून उभे राहिले. आबांनी त्यांना गूळ दिला. संध्याकाळी मला म्हणाले, "आता सांगलीस्नं इंजिनाचा ब्लॉक आला की झालं. पीरमहंमद मिस्त्रीनं त्यातली पिस्टन बसायची भोकं मोठी करून ठेवल्यात." जेवले. झोपले. सकाळी उठले नाहीत.

याविषयी मला एवढंच लिहायचं आहे.

दहाव्या दिवशी संगम माहुलीला नदीवर पिंड ठेवला. आबांना मुलगा नाही, म्हणून विधी रहिमतपूरच्या आप्पासोकाकांनी केले. काका आबांचे धाकटे भाऊ, ऊस करतात आणि जगातल्या प्रत्येक वस्तूकडे, ती विहिरीला कितपत उपयोगी पडेल, या नजरेनं बघतात. पिंड ठेवून आम्ही लांब झालो. कावळे भरपूर होते. शेजारच्या पिंडाला येऊन शिवत होते आणि आमच्या पिंडाकडे पाठ करून बसत होते.

"काय तरी ऱ्हायलंय दादाचं," आत्या म्हणाली. "जीव अडकलाय. बोला की कुणी तरी."

काकांनी हात जोडले. "दादा, तुज्या वाटणीच्या रानाला मी पाणी दीन. आगुदर तुजं, मग माजं."

एकही कावळा हलला नाही.

"दादा, तुज्या लेकीची, अंजनाची काळजी करू नगंस. ह्याच साली तिचं लगीन लावून देतो."

पिंडाच्या जवळ, अगदी हाताच्या अंतरावर आलेला एक कावळा थांबला, वळला आणि उडून पलीकडच्या काठावर जाऊन बसला. माझं वय तिशीच्या पुढे आहे. त्या पक्ष्याविषयी मला मनापासून आदर वाटला.

उन्हं चढली. अनवाणी पाय भाजू लागले. काकांनी देवळाचा जीर्णोद्धार कबूल केला, तुळजापूर कबूल केलं, भाऊबंदांशी बोलणं कबूल केलं. शेवटी आत्या पुढं झाली. "तुमी सगळी येडी हायसा. दादा, तुजं ते इंजान आमी पुरं करतो. ऐकलंस? पुरं करतो!"

पलीकडच्या काठावरच्या कावळ्यानं मान वाकडी केली.

आमच्या मागं हंबीरराव उभे होते. आमचे शेजारी, रिटायर सुभेदार. डिस्पोजलातली एक जीप बाळगून आहेत आणि न विचारता सल्ला देतात. त्यांनी परेडच्या आवाजात काकांना हुकूम सोडला, "नुसतं पुरं न्हवं! यवतेश्वर चढवतो म्हणा! न थांबता!"

काका एका पायावर उभे होते. "चढवतो बाबा, चढवतो! न थांबता चढवतो!"

कावळा आला आणि शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. काकांनीही टाकला, पण तो अर्ध्यावर अडकला, कारण आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या तेवढ्यात ध्यानात आलं. त्या इंजिनावर त्यांची नजर होती. विहिरीवर ते बसेल का, हे बघायला ते आबा असतानाच दोरीनं माप घेऊन गेले होते.

परतताना टांग्यात ते बोटांवर महिने मोजत होते. राजवाडा आल्यावर म्हणाले, "शबुद दिला तो दिला. मोडायचा न्हाई. पर त्याला काय मुदत हाय का न्हाई? पाडव्यापत्तुर घाट चढला तर मोटार तुजी. न्हाई चढला, तर पाडव्याच्या दुसऱ्या दिशी मी बैलगाडी धाडतो. उन्हाळ्यात ऊस वाळतोय माजा."

"बरं," मी म्हणाले.

मला डोळ्यांसमोर ते इंजिन विहिरीच्या काठावर दिसलं, पत्र्याच्या टोपीखाली, फुकफुक करत. गुंजेपर्यंत सारखे केलेले ते पिस्टन. आबांचा हात शेवटचा लागला तो त्यांनाच. माझी घाटाशी काही ओळख नव्हती, पण टांग्यातून उतरताना मी तो चढून मोकळी झाले होते.

पहिलं संकट घरातच झालं. तेराव्याला आत्यानं घर धुऊन काढलं. सुतक फिटल्यावर घरातली एकूणएक वस्तू घासायची हा तिचा नेम, आणि वस्तू म्हटली की तिच्यात इंजिन आलं. शाळेतून येऊन बघते तर अंगणात सुपात आठ व्हॉल्व्ह चिंचेनं घासून उन्हाला ठेवलेले, लखलखीत, उंचीप्रमाणे ओळीनं.

आबांनी प्रत्येक व्हॉल्व्हवर खूण केली होती. कोणता कुठल्या जागी बसवायचा ते कळावं म्हणून. घरात दुसरा रंग नव्हता, म्हणून कुंकवाची.

"सुतकातलं कुंकू तसंच ठिवायचं व्हय घरात?" आत्या म्हणाली. "येकेकाला चिंच-रांगोळीनं घासलंय. बघ कसं तोंड दिसतंय."

खरंच तोंड दिसत होतं. माझं होतं आणि ते बघण्यासारखं नव्हतं.

मी रविवारी सांगली गाठली. पीरमहंमद मिस्त्रींचं लेथचं दुकान गणपती पेठेच्या मागं. हा गृहस्थ देहानं किरकोळ आणि आवाजानं प्रचंड. उसाचे चरक, तेलाची इंजिनं, एकदा एका संस्थानिकाचा बिघडलेला पंखा, असं सगळं त्यांनी दुरुस्त केलं होतं आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्यांदाही दुरुस्त करावं लागलं होतं. आबा गेल्याचं त्यांना कळलं होतं. मला बघून त्यांनी लेथ बंद केली, बराच वेळ हात पुसले, मग म्हणाले, "बाई, आबासाहेबांचं इंजिन मी बांधून दीन. असलं बांधीन की विलायतेस्नं लोक बघायला येतील."

"पूर्वी बांधलंय असलं?"

"कवाच न्हाई," मिस्त्री अभिमानानं म्हणाले. "म्हणून तर!"

व्हॉल्व्हच्या खुणा पुसल्याचं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि लगेच काढला. "फिकीर न्हाई. सगळे नव्यानं घासून बसवू. कावळ्याला कुठं म्हाईत कंचा कुठला?" ती हकीकतही सांगलीपर्यंत पोचली होती तर.

ब्लॉक सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढवला. मिस्त्री माझ्याबरोबर निघाले. सांगली संस्थानच्या हद्दीवरच्या नाक्यावर कारकुनानं मोटार अडवली. त्या वेळी लोखंडावर कंट्रोल होता.

"वर काय आहे?"

"मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक," मी म्हणाले.

"म्हणजे लोखंड. परवाना?"

"कच्चं लोखंड नाही, यंत्राचा भाग आहे."

"मग यंत्राचा परवाना."

"पण हे अजून यंत्र झालेलं नाही."

"म्हणजे लोखंडच," कारकून म्हणाले. त्यांच्या तर्काला भेग नव्हती. माझ्या विद्यार्थिनींना मी असा तर्क शिकवू शकले असते तर बरं झालं असतं. ते शिडीनं टपावर चढले, ब्लॉकभोवती फिरले, चार भोकांतून आत बघितलं. खाली सर्व्हिस मोटारीतले उतारू खोळंबले होते आणि मोठ्यांदा आपापली मतं देत होते. एका म्हातारबाबांनी सुचवलं, बाईच्या माहेरची चूल दिसते, सोडा बिचारीला.

"ह्याला भोकं आहेत," कारकून वरून म्हणाले.

"आहेत."

"आरपार?"

"आरपार."

"मग हे भांडं. भोक पडलेलं, वापरलेलं, घरगुती. त्याला परवाना लागत नाही. जा." आणि खाली उतरताना हळूच, "कल्हई चांगली करून घ्या."

अशा रीतीनं साताऱ्याच्या इतिहासातलं सर्वांत जोरकस इंजिन भोकं पडलेलं भांडं म्हणून हद्दीबाहेर आलं. मिस्त्री कऱ्हाडपर्यंत हसत होते. मी नव्हते. एकदाच हसले, तेही खिडकीकडे तोंड करून.

मिस्त्री हंबीररावांच्या ओसरीवर मुक्कामाला राहिले आणि आमच्या परसाची जत्रा झाली. व्हॉल्व्ह घासून बसवायचे म्हणजे बारीक खरखरीत पुडीचा लेप लावायचा, वर एक काठी चिकटवायची आणि ती दोन्ही तळव्यांत धरून इकडून तिकडे फिरवायची, तासन् तास. मिस्त्रींच्या तळव्यांना फोड आले. माझ्याही. आत्या उंबऱ्यावर बसून बघत होती.

"हे काय करताया?"

"घासतोय, साळूबाई."

"घासताया न्हवं, घुसळताया. आनि तेबी उलटं." तिनं मिस्त्रींच्या हातातली काठी घेतली, मांडी घातली आणि ताक करतात तशी फिरवू लागली. घुसळताना ती ओव्या म्हणते, त्या म्हणाली. संध्याकाळपर्यंत आठही व्हॉल्व्ह असे बसले की वर रॉकेल ओतलं तरी खाली थेंब झिरपेना. मग एवढ्यानंच आत्याला इंजिन कळायला लागलं. दुसऱ्या दिवशी ती पाणवठ्यावर बायकांना हेडविषयी सांगत होती.

हंबीररावांनी तेलाला विरोध केला. त्या मासिकात लिहिलं होतं की शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालतात. तापलं तरी ते पातळ होत नाही. आबांनी एरंडेलाचा डबा आधीच आणून ठेवला होता.

"एरंडेल?" हंबीरराव म्हणाले. "मिलिटरीत आमी एरंडेल जवानास्नी पाजायचो. मोटारींस्नी न्हाई."

"आणि जवान पळायचे की नाही?" मी विचारलं.

हंबीररावांनी डब्याचा वास घेतला आणि झाकण घट्ट लावलं. तोवर आमच्या सदर बझारात बातमी पसरली की आमच्याकडे एरंडेलाचा डबा आहे, आणि शेजारपाजारचे लोक वाटी घेऊन येऊ लागले. कुणाच्या सासऱ्यांना, कुणाच्या जावेला. इंजिनाची चौकशी कुणी केली नाही. बद्धकोष्ठाची मात्र मला इतकी माहिती मिळाली की मी रस्त्यानं चालताना नमस्कार करणाऱ्या सभ्य माणसांच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हते.

फाल्गुन लागला. इंजिन जुळत आलं आणि लक्षात आलं, पेट्रोल नाही. पेट्रोलला कूपनं लागत. कूपनांच्या कचेरीतल्या साहेबांनी अर्ज उलटा करून बघितला.

"मोटार चालू स्थितीत आहे?"

"पेट्रोल मिळालं की होईल."

"बंद मोटारीला कूपन देता येत नाही. चालू करून दाखवा."

"पेट्रोलशिवाय?"

"ते खात्याच्या कक्षेत येत नाही," साहेब सौजन्यानं म्हणाले. "कचेरीसमोरून एक फेरी दिसली म्हणजे झालं. मी खिडकीतून बघेन."

कचेरीसमोरचा रस्ता उताराचा आहे. हे मिस्त्रींच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मी अशा गोष्टी वाचलेल्या असतात, सुचत नाहीत. दुसऱ्या दिवशी, बाजाराला आलेल्या काकांच्या बैलांनी मोटार वरच्या कोपऱ्यापर्यंत ओढली. इंजिन त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात होतं. बॉनेटच्या आत आत्याचं पोतं होतं, खडखडू नये म्हणून. मी स्टिअरिंगच्या चाकामागे बसले. मोटार चालवायला मला आबांनी पोलीस ग्राउंडवर शिकवलं होतं. मिस्त्री माझ्या पायाशी आडवे झाले.

"सोडा बाई!"

ब्रेक सोडला. मोटार उतारावरून निघाली आणि मिस्त्रींनी तोंडानं आवाज सुरू केला. आधी बारीक, मग मोठा, मध्ये गिअर बदलल्याचा खटका, सगळं यथासांग. खिडकीत साहेब उभे होते. मी ताठ मानेनं समोर बघत होते. लोक थांबून बघत होते. कचेरीच्या बरोबर समोर मिस्त्रींच्या तोंडात माशी गेली. मोटार ठसकली, खोकली, थुंकली आणि "या अल्ला" म्हणाली.

साहेबांनी कूपनं दिली. वर शेरा मारला: 'मोटार चालते. कार्बुरेटर साफ करून घ्यावा.'

पाडवा आठवड्यावर आला तेव्हा इंजिन मोटारीत बसलं. सकाळी सगळी आळी परसात होती. इंजिनाला वारा आणि पेट्रोल पाजणारे दोन कार्बुरेटर, त्यांची तोंडं उघडी, आभाळाकडे वासलेली. शर्यतीच्या इंजिनावर जाळी नको, असं मासिकात म्हटलं होतं. मिस्त्री पुढं, इंजिन फिरवायच्या हँडलपाशी गेले. तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांबा. नारळ न्हाई फोडला." मी "आत्या" म्हणेपर्यंत तिनं बॉनेट उघडं बघून तो थेट इंजिनावर फोडला. सगळं पाणी पहिल्या कार्बुरेटरच्या घशात गेलं.

"लय नेमकं गेलं," आत्या समाधानानं म्हणाली.

दुसरा दिवस इंजिन पुसण्यात गेला. तिसऱ्या दिवशी हंबीररावांनी हँडल हातात घेतलं. "व्हा बाजूला. ह्ये मिलिटरीच्या मनगटाचं काम." दाब वाढवलेलं इंजिन उलटा झटका देतं हे मी तीनदा वाचलं होतं आणि दोनदा सांगितलंही होतं. हंबीररावांनी हँडल मारलं. हँडलनं हंबीररावांना मारलं. ते चिंचेच्या बुंध्याशी जाऊन बसले, अगदी व्यवस्थित, मांडी घालून, आणि म्हणाले, "जिवंत हाय."

ते स्वतःविषयी म्हणत होते. पण मिस्त्री ओरडले, "इंजिन म्हणताया ते! जिवंत हाय! मारा अजून!"

मोटार मग अर्ध्या आळीनं ढकलली. मी गिअर टाकून क्लच सोडला आणि ते सुरू झालं.

तो आवाज कसा होता हे सांगायला मी पुष्कळ शब्द वाचलेले आहेत आणि एकही चालणार नाही. धुराडं आखूड ठेवलं होतं. चिंचेवरची पाखरं उडाली, हंबीररावांच्या ओसरीवरची भांडी वाजली, आणि जळक्या एरंडेलाचा वास सदर बझारभर असा पसरला की घराघरातून लोक बाहेर आले, आणि ज्यांनी वाटीवाटीनं नेलं होतं ते पुन्हा घाईनं आत गेले. आत्यानं कानावर हात ठेवले होते आणि ती हसत होती. मिस्त्री रडत होते. माझ्या हाताखाली चाक थरथरत होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी काका आले. बैलगाडी बरोबरच घेऊन आले होते, उगाच खेप नको म्हणून.

"चालवनार कोन?"

सगळ्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी पायाकडे बघितलं. "मी बांधतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान ऐकला. "चालवाय येत न्हाई मला."

"मी चालवणार," मी म्हणाले.

"आनि मी बसनार शेजारी," काका म्हणाले. "थांबली का न्हाई ते बघाय कुनी तरी नगं?" त्यांनी फेटा घट्ट केला.

पाडव्याच्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा हंबीररावांची जीप रस्त्यातली गुरं हाकायला पुढं होती. आत्या पहाटेच चालत वर गेली होती. देवळापाशी उभी राहून बघणार होती. निम्मा सातारा घाटाच्या कडेनं पांगला होता. पेट्रोल टाकीत होतं तेवढं कूपनांचं. पोचायला पुरेल, मिस्त्री म्हणाले होते, मोटारीनं मन लावलं तर.

पहिल्या वळणापर्यंत मी जपून चालवलं. काका दाराला धरून म्हणत होते, "हळू पोरी, हळू." दुसऱ्या वळणावर चढ सुरू झाला आणि मला कळलं की ती हळू चालायला तयारच नाही. हळू केलं की अडखळायची, कुरकुरायची. पाय दाबला की सगळे सूर जुळायचे. मी दाबला. मागं मान ओढली गेली. खाली सातारा तिरका झाला. अजिंक्यतारा एकदा उजवीकडे दिसला, एकदा मागं. काकांच्या फेट्याचं टोक सुटलं आणि फडफडत लांब मागं जायला लागलं.

निम्म्यावर, जिथं सगळ्या मोटारी थांबून पाणी पितात तिथं, जीप थांबलेली होती. तिचं तोंड उघडं होतं, वाफ निघत होती आणि पलीकडे रस्ताभर म्हशी होत्या. हंबीरराव दोन्ही हात हलवून 'थांब, थांब' करत होते. थांबले असते तर इंजिन विहिरीवर गेलं असतं. मी डावीकडे बघितलं, दरी. उजवीकडे गटार आणि त्याच्या पलीकडे हातभर मुरुम.

"दाब!" कुणीतरी ओरडलं. काका होते. फेटा पूर्ण सुटून त्याचं शेवटचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं, पताकेसारखं, आणि ते उभे राहिले होते. "दाब की! बगतीस काय! काढ उजवीकडनं! हाण!"

उजवी चाकं मुरमावर चढली. म्हशी गेल्या, जीप गेली, हंबीररावांचे हात गेले. पुन्हा रस्ता आला. काका ओरडत होते, काय ते ऐकू येत नव्हतं; माझं मलाही ऐकू येत नसणार, कारण तेवढ्यात मला कळलं की मीही ओरडतेय. त्या आवाजात माणसानं काही म्हटलं तरी चालण्यासारखं होतं. मी आबांना सांगत होते, व्हॉल्व्ह आत्यानं बसवले. नारळाचं सांगितलं. माशीचं सांगितलं. तिसरा पिस्टन वेगळा ओळखूच येत नाही, एवढा सारखा चाललाय, असं सांगितलं. यवतेश्वरचं देऊळ दिसलं, देवळापुढं माणसं दिसली, त्यांत आत्या, हात वर केलेली. शेवटचा चढ संपला. चाकं सपाटीला लागली.

आमच्या घरात कुणी कुणाला फारसं काही म्हणत नाही. जेवलास का, आलीस का, एवढ्यावर आमचं आयुष्य निभतं. मीही त्यांना तेवढंच म्हणत आले होते. पण आता वर आभाळ होतं, खाली ते इंजिन ओरडत होतं, आणि मी सगळ्या ताकदीनं म्हणाले, "आबा, मला तुमी..."

पेट्रोल संपलं.

इंजिन एकदा उसासलं आणि थांबलं. मोटार आपसूक घरंगळत देवळापाशी येऊन उभी राहिली. एवढी शांतता की देवळाच्या आत कुणीतरी घंटेवरचा हात सोडल्याचं ऐकू आलं. काका उघड्या डोक्यानं माझ्याकडे बघत होते. आत्या बघत होती. सगळी माणसं बघत होती. माझं वाक्य अर्धं होऊन सगळ्यांच्या मध्ये पडलं होतं.

मी चाकावरचे हात काढले नाहीत. वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं, साध्या आवाजात.

"आबा, मला तुमी अजून लय दिवस पायजे होता."